साखरीनाट्याची वही

वही जुनी. सासऱ्यांच्या हातची, भरतीची.
तिथीची पाऊणपट केली की पाण्याची वेळ निघते,
असं पहिल्या पानावर आहे,
आणि त्याखाली कुणाचे तरी डिझेलचे सातशे रुपये, अजून येणे.
उरलेल्या पानांवर मी शफीची साखर लिहिते.

गावाच्या नावातच साखर,
हा विनोद आधी दवाखान्यातल्या कंपाउंडरने केला,
मग राजापूरच्या लॅबवाल्याने.
तिसऱ्यांदा शफीनेच केला, कुणी बोलायच्या आत.

तो बर्फाच्या फॅक्टरीत. रात्रपाळी, बावीस वर्षं.
लाँचा दोनला लागतात, कधी साडेतीनला.
लाद्या क्रशरमध्ये ढकलायच्या,
एक डोळा अमोनियाच्या काट्यावर.
दोनलाच डबा: तांदळाच्या दोन भाकऱ्या, बांगड्याचं सालन.
मग चहा. मग अजून एक,
कारण खलाशी आग्रह करतात.

सुट्टीच्या रात्री घरी झोपला.
झोपताना एकशे अठ्ठावीस.
पहाटे पाचला बोट टोचलं: एकशे एकोणपन्नास.
मधे घासही नाही.
मी काही बोलले नाही.
तो फजरला गेला तसा डबा काढून लाडू मोजले.
नऊ होते.
नऊच ठेवले होते.

पाध्ये डॉक्टरीणबाई हसल्या. चोर आतलाच, म्हणाल्या, यकृत.
उजाडायच्या आधीच ते कोठाराची कडी काढतं,
माणूस उठेल, चालेल, जळण लागेल त्याला.
ज्याचं इन्सुलिन चोख, त्याचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो.
यांचं उशिरा पोचतं.
आणि रात्री दोनला स्वादुपिंड अर्धं झोपेत.
भाकरी तीच, सालन तेच,
दुपारची एकशे सत्तर होते, रात्रीची दोनशे चाळीस.

आत वेळ कोण बघतं पण?
डोळ्यांच्या मागे एक घड्याळ आहे म्हणे,
तांदळाच्या दाण्याएवढं. उजेडावर चालतं.
फॅक्टरीत आठ ट्यूबलाइटी आहेत,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

एस्टीत खिडकीशी बसून हिशेब करत आले.
समुद्राची भरती रोज दोन घटका उशिरा येते,
चांद नेईल तशी.
याची भरती सूर्याला बांधलेली, जागची हलत नाही,
आणि हा बावीस वर्षं तिच्यावर उलटी वल्ही मारतोय.
रमजानात अंग सांभाळून घेतं, महिन्याने ईद येते.
ह्या रात्रींना ईद कुठली.

जूनला मासेमारीची बंदी लागली. फॅक्टरी गप्प.
पहिले आठ दिवस दोनला उठून बसायचा,
कॉम्प्रेसर ऐकू येत नाही म्हणून.
मग झोपू लागला.
पहाटेचे आकडे: एकशे एकोणचाळीस. एकशे एकतीस.
एकदा एकशे ऐंशी, पुढे मी लिहिलंय: भाचीची मंगनी.
एकशे चोवीस. एकशे एकवीस.

ऑगस्टला लाँचा सुटल्या.
दिवसपाळी मागितली तर मालक म्हणाला,
मासा रात्री येतो, शफीभाय, मी काय करू?

म्हणून आता जेवण सातला, उजेड असतानाच.
दोनचा डबा बंद. मूठभर चणे, कोरा चहा.
बंदीच म्हणतो तो याला.
मासळीला दोन महिने, मला बाराही.

काल रात्री एका तांडेलाने खजूर पुढे केले म्हणे.
घेतले का, मी विचारलं नाही.
सकाळी आला, गमबूट दारात काढले,
न सांगता हात पुढे केला.
बोट बर्फाने गार. दोनदा टोचलं, रक्त येईना.
खिडकीवर गोधडी मी आधीच टांगली होती, झोपेसाठी.
त्या काळोखात त्याचं बोट
दोन्ही तळव्यांत धरून
चोळत बसले.